बुखारेस्टची ऊब कोणाच्या पैशाने?

रुमानियाची राजधानी बुखारेस्टच्या रस्त्यांखाली गरम पाण्याच्या वाहिन्यांचे एक अवाढव्य जाळे पसरले आहे. शहरातील वीज केंद्रांत तापविलेले पाणी या वाहिन्यांतून आठ हजारांहून अधिक इमारतींपर्यंत आणि तेथून सुमारे साडेपाच लाख सदनिकांपर्यंत पोहोचते. २०२१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या घरात आहे. त्यातील निम्म्याहून अधिक लोकांची हिवाळ्यातील ऊब आणि न्हाणीघरातील गरम पाणी या एकाच व्यवस्थेवर अवलंबून आहे. युरोपीय संघातील सर्वांत मोठ्या उष्णतापुरवठा व्यवस्थांमध्ये तिची गणना होते.

ही व्यवस्था जुनी झाली आहे. वाहिन्या गंजल्या आहेत, ठिकठिकाणी फुटत आहेत आणि ऐन थंडीत हजारो घरांचे रेडिएटर कोमट पडत आहेत. दुरुस्ती कशी करायची, हे अभियंत्यांना ठाऊक आहे. नव्या वाहिन्या बाजारात उपलब्ध आहेत. अडचण आहे ती पैशाची. हा पैसा घरगुती ग्राहकाने दरातून द्यावा, महापालिकेने करातून द्यावा, की ब्रसेल्सने अनुदानातून द्यावा, या वादात तीन दशके उलटली. जमिनीखालच्या वाहिन्यांपेक्षा त्यांच्या मागचा जमाखर्च अधिक गळका आहे, हे बुखारेस्टच्या अनुभवाचे सार म्हणता येईल.

व्यवस्था चालते कशी?

महाराष्ट्रातील वाचकाला घरोघरी पाणी पोहोचविणारी नळयोजना परिचित आहे. सामुदायिक उष्णतापुरवठा हा तिचाच थंड देशांतील भाऊबंद होय. फरक इतकाच, की येथे पाणी वापरून संपत नाही. ते गरम होऊन जाते, आपली उष्णता इमारतीला देते आणि थंड होऊन परत केंद्राकडे येते. म्हणून प्रत्येक मार्गावर दोन वाहिन्या असतात. एक जाणारी आणि एक येणारी. बुखारेस्टमधील मुख्य वाहिन्यांची एकूण लांबी सुमारे साडेनऊशे किलोमीटर आहे. मुख्य वाहिन्यांतील उष्णता शहरभर विखुरलेल्या सुमारे हजार उपकेंद्रांत उतरविली जाते. तेथून लहान वाहिन्यांचे दुसरे जाळे इमारतींपर्यंत जाते.

उष्णता तयार करणारी केंद्रे प्रामुख्याने नैसर्गिक वायूवर चालतात. एकाच इंधनातून वीज आणि उष्णता अशा दोन्ही गोष्टी घेणे, हे या पद्धतीचे बलस्थान आहे. केवळ वीज तयार करणाऱ्या केंद्रात इंधनातील उष्णतेचा मोठा भाग हवेत किंवा नदीच्या पाण्यात वाया जातो. तोच घरे तापविण्यासाठी वळविला, तर इंधनाचा ८० टक्क्यांपर्यंत उपयोग होऊ शकतो. त्यामुळे दाट वस्तीच्या थंड शहरात ही पद्धत तत्त्वतः स्वस्त आणि स्वच्छ ठरते. मात्र त्यासाठी एक अट आहे. केंद्रातून निघालेली उष्णता घरापर्यंत पोहोचली पाहिजे.

बुखारेस्टमध्ये या साखळीची मालकी विभागलेली आहे. केंद्रे ‘एल्सेन’ या सरकारी कंपनीकडे आहेत. वाहिन्या महापालिकेच्या मालकीच्या आहेत. त्या चालविण्याचे काम पूर्वी ‘रादेत’ ही महापालिकेची संस्था करीत असे. २०१९ च्या अखेरीपासून ते ‘तेर्मोएनर्जेतिका’ या महापालिकेच्याच कंपनीकडे आले. केंद्रांना लागणाऱ्या वायूचा मोठा भाग ‘रोमगाझ’ ही कंपनी पुरविते. तिच्यातही बहुसंख्य भागभांडवल सरकारचे आहे. म्हणजे वायू सरकारचा, केंद्रे सरकारची, वाहिन्या महापालिकेच्या आणि दर ठरविण्याचा अधिकार नगरपरिषदेचा. या चौघांत कोणी कोणाचे पैसे थकविले, की त्याची झळ शेवटी सदनिकेतील रेडिएटरला बसते.

गळतीचे गणित

कोणत्याही मोठ्या जाळ्यात थोडीफार गळती असतेच. जितके पाणी कमी होते, तितके नवे पाणी केंद्रात शुद्ध करून व तापवून भरावे लागते. बुखारेस्टमध्ये अलीकडच्या वाईट हिवाळ्यांत ही भर ताशी दोन हजार टनांच्याही पुढे गेली. दोन हजार टन म्हणजे वीस लाख लिटर. एवढे पाणी दर तासाला जमिनीत मुरत होते.

हे केवळ पाण्याचे नुकसान नाही. गळणारे पाणी भरताना होते त्यापेक्षा सरासरी ६० अंश सेल्सिअसने अधिक तापलेले होते असे धरले, तर ताशी दोन हजार टनांबरोबर ताशी सुमारे १२० गिगाकॅलरी उष्णता वाहून जाते. विजेच्या भाषेत ही सुमारे १४० मेगावॉट क्षमता होते. कडक थंडीत एका सदनिकेला पाच किलोवॉट उष्णता लागते असे मानले, तर सुमारे २८ हजार सदनिकांची ऊब केवळ मातीला मिळत होती, असा त्याचा अर्थ होतो.

त्याहूनही गंभीर परिणाम पुरवठ्यावर होतो. केंद्रांची पाणी शुद्ध करून तापविण्याची क्षमता मर्यादित असते. गळती त्या मर्यादेपलीकडे गेली, की जाळ्यातील दाब आणि तापमान दोन्ही खाली येतात. मग ज्या वसाहतीत एकही वाहिनी फुटलेली नाही, तेथेही रेडिएटर गार पडतात. दाब वाढवावा तर कमकुवत वाहिन्या आणखी फुटतात. न वाढवावा तर शेवटच्या इमारतीपर्यंत पाणी पोहोचत नाही. या कात्रीत सापडलेली व्यवस्था दरवर्षी तातडीच्या दुरुस्तीवर पैसा खर्च करते आणि मूळ वाहिनी बदलण्याचे काम पुढे ढकलते. फुटक्या घागरीला लाख लावत राहण्याचाच हा प्रकार आहे.

वाहिन्या एवढ्या खराब होण्याचे कारण त्यांच्या बांधणीत आहे. जुन्या पद्धतीत लोखंडी नळाभोवती खनिज लोकर गुंडाळून तो काँक्रीटच्या चरात ठेवीत. चरात पावसाचे पाणी शिरले, की लोकर भिजते, उष्णता निसटते आणि नळ बाहेरून गंजू लागतो. नव्या पद्धतीत लोखंडी नळावर कारखान्यातच फेसाळ प्लॅस्टिकचे जाड आवरण चढविले जाते. त्यावर बाहेरून आणखी एक कडक प्लॅस्टिकचे कवच असते. आवरणात बारीक तारा बसविलेल्या असतात. ओल लागताच त्या बिघाडाची जागा दाखवितात. अशी वाहिनी तीस वर्षे व त्याहूनही अधिक काळ टिकू शकते. पण ती टाकण्याचा खर्च आज करावा लागतो आणि बचत पुढील तीस वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळते. अर्थपुरवठ्याचा सारा पेच या एका वाक्यात सामावला आहे.

थंडीचा जुना वारसा

बुखारेस्टच्या जाळ्याचा बहुतांश विस्तार १९६० ते १९८० च्या दशकांतील आहे. साम्यवादी राजवटीने उंच इमारतींच्या वसाहती उभ्या केल्या आणि त्यांना जोडून वाहिन्या टाकल्या. त्या काळी उष्णतेचा खरा खर्च ग्राहकाच्या देयकात दिसत नसे. मीटर नव्हते. क्षेत्रफळानुसार आकारणी होई आणि तोटा सरकार भरून काढीत असे.

निकोलाय चाउशेस्कू यांच्या राजवटीने १९८० च्या दशकात परदेशी कर्ज मुदतीपूर्वी फेडण्याचा चंग बांधला. त्यासाठी इंधन, वीज व अन्नधान्य यांवर कठोर नियंत्रणे आली. घरांतील तापमान सक्तीने खाली ठेवले गेले. माणसे घरातही जाड कोट घालून वावरू लागली. १९८९ मध्ये कर्ज फिटल्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राजवट कोसळली. या अनुभवाची एक खोल खूण रुमानियाच्या राजकारणावर राहिली. घर उबदार ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि त्याचे दर वाढविणे हे जवळजवळ पाप आहे, अशी भावना रुजली. १९९० नंतर आलेल्या कोणत्याही महापौराला ती सहजासहजी ओलांडता आली नाही.

दरम्यान, देशातील अन्य शहरांत ही पद्धत मोडीत निघू लागली. १९८९ च्या सुमारास रुमानियातील तीनशेहून अधिक ठिकाणी सामुदायिक उष्णतापुरवठा होता. पुढील तीन दशकांत ही संख्या साठच्या आसपास घसरली. ज्यांना परवडले त्यांनी जोडणी तोडली आणि सदनिकेत वायूवर चालणारा स्वतःचा बॉयलर बसविला. एका कुटुंबाच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा होता. जाळ्याच्या दृष्टीने तो घातक ठरला. शंभर सदनिकांसाठी टाकलेल्या वाहिनीवर सत्तरच ग्राहक उरले, तरी वाहिनीची निगा, पंपांची वीज आणि कर्मचाऱ्यांचे वेतन जवळपास तेवढेच राहते. शंभर वाट्यांचा स्थिर खर्च सत्तरांत विभागला, की प्रत्येकाचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक वाढतो. वाढलेल्या दराने आणखी काही जण बाहेर पडतात. अनेक लहान शहरांतील व्यवस्था या चक्रात बंद पडल्या. बुखारेस्टची व्यवस्था टिकली, कारण तिचा आकार मोठा होता आणि तिच्यामागे देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेची तिजोरी होती.

दर, अनुदान आणि थकबाकी

रुमानियात उष्णतेच्या प्रत्येक गिगाकॅलरीचे दोन भाव असतात. पहिला भाव उत्पादन आणि वहनाच्या खर्चावर आधारित असतो. दुसरा भाव घरगुती ग्राहकाच्या देयकात लिहिला जातो. तो नगरपरिषद ठरविते. दुसरा भाव पहिल्यापेक्षा कमी असेल, तर फरकाची रक्कम महापालिकेने अनुदान म्हणून द्यायची, अशी कायदेशीर तरतूद २००६ पासून आहे. पूर्वी केंद्र सरकारही इंधनासाठी वाटा उचलीत असे. तो २०११ मध्ये बंद झाला आणि भार शहरांवर आला.

कागदावर ही रचना निर्दोष आहे. ग्राहक थोडे देईल, महापालिका उरलेले देईल आणि कंपनीला पूर्ण खर्च मिळेल. व्यवहारात महापालिकेचा हप्ता वेळेवर येईलच याची शाश्वती नसते. अर्थसंकल्पात अनुदानाची रक्कम अपुरी धरली जाते आणि उरलेली पुढील वर्षावर ढकलली जाते. शिवाय, मान्य केलेल्या दरात गळतीचा सगळा खर्च धरला जात नाही. नियामक ठरावीक मर्यादेपर्यंतचाच तोटा मान्य करतो. त्यापलीकडे जमिनीत मुरलेली उष्णता हा कंपनीचा निव्वळ तोटा ठरतो.

रादेतचे असेच झाले. तिने एल्सेनकडून उष्णता घेतली, पण पूर्ण पैसे दिले नाहीत. थकबाकी तीन अब्ज लेईंच्या पलीकडे गेली. एल्सेनला आपले पैसे मिळाले नाहीत, म्हणून तिने वायू पुरविणाऱ्यांचे थकविले. २०१६ मध्ये रादेत आणि एल्सेन या दोन्ही संस्था नादारीच्या प्रक्रियेत गेल्या. लाखो लोकांना ऊब देणारे उत्पादक आणि वितरक एकाच वर्षी न्यायालयाच्या दारात उभे राहिले. पुढे रादेत दिवाळखोरीत निघाली आणि तिच्या जागी तेर्मोएनर्जेतिका आली.

कंपनीचे नाव बदलले, वाहिन्या मात्र त्याच राहिल्या. ज्या संस्थेला चालू महिन्याच्या वायूचे पैसे देणे जड जाते, तिला तीस वर्षांच्या वाहिनीसाठी कर्ज कोण देणार? बँक तारण पाहते आणि त्याहून अधिक उत्पन्नाचा भरवसा पाहते. येथे उत्पन्नाचा मोठा भाग नगरपरिषदेच्या मर्जीवर होता. कमी दराचा हा दुसरा, सहसा न दिसणारा परिणाम होय. स्वस्त दराने आजचे देयक हलके झाले, पण व्यवस्थेची पत नाहीशी झाली.

या अनुदानाची न्याय्यताही तपासण्याजोगी आहे. ते दरावर दिले जात असल्याने श्रीमंत आणि गरीब दोघांनाही प्रत्येक गिगाकॅलरीमागे सारखेच मिळते. मोठे घर असणारा अधिक उष्णता वापरतो, म्हणून त्याला एकूण अनुदानही अधिक मिळते. उलट, ज्याने स्वतःचा बॉयलर बसविला आहे, तो आपल्या वायूचे पूर्ण पैसे देतो आणि शहराच्या तिजोरीतून शेजाऱ्याच्या उबेचाही भार उचलतो.

ब्रसेल्सची मदत

स्वतःची पत नसलेल्या व्यवस्थेला बाहेरून भांडवल मिळण्याचा एकच मोठा मार्ग उरला होता. तो म्हणजे युरोपीय संघाचा विकासनिधी. २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने बुखारेस्टच्या वाहिन्यांसाठी सुमारे २५ कोटी ४० लाख युरोंच्या साहाय्याला मंजुरी दिली. तेव्हाच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे २२०० कोटी रुपये होते. तीतून सुमारे २१२ किलोमीटर मुख्य वाहिनी बदलण्याचे नियोजन होते.

युरोपीय संघाच्याच निधीला पुन्हा आयोगाची मंजुरी कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. संघाच्या नियमानुसार सरकारी पैशाने एखाद्या कंपनीला अवाजवी लाभ होऊन बाजारातील स्पर्धा बिघडता कामा नये. म्हणून प्रकल्पाच्या भावी उत्पन्नातून न भागणाऱ्या खर्चापुरतीच मदत दिली जाते. शिवाय व्यवस्था ‘कार्यक्षम’ या व्याख्येत बसावी लागते. मूळ निकषानुसार निम्मी उष्णता नवीकरणीय स्रोतांतून, किंवा निम्मी कारखान्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून, किंवा तीन चतुर्थांश उष्णता विजेबरोबर तयार झालेली असणे आवश्यक होते. या स्रोतांच्या मिश्रणासाठीही निम्म्याचा निकष होता. वायूवर का होईना, पण वीज व उष्णता एकत्र तयार करणाऱ्या बुखारेस्टला ही पद्धत येथे उपयोगी पडली.

रक्कम मोठी वाटते, पण तिची व्याप्ती मोजली पाहिजे. २५ कोटी ४० लाख युरोंना २१२ किलोमीटरने भागले, तर किलोमीटरमागे सुमारे १२ लाख युरो येतात. साडेनऊशे किलोमीटरपैकी उरलेल्या सुमारे ७४० किलोमीटरसाठी याच हिशेबाने आणखी ८५ ते ९० कोटी युरो लागतील. हा ढोबळ अंदाज झाला. उरलेली प्रत्येक वाहिनी लगेच बदलावी लागेल असे नाही, परंतु त्यात उपकेंद्रे, दुय्यम जाळे आणि केंद्रांचे नूतनीकरण धरलेले नाही. पोलाद आणि मजुरीची भाववाढही धरलेली नाही. म्हणजे ब्रसेल्सच्या मदतीने जेमतेम पाचव्या हिश्शाचे काम होते.

अनुदानाला वेळेचेही बंधन असते. २०१४ ते २०२० या कार्यक्रमातील पैसा २०२३ च्या अखेरपर्यंत खर्च करणे बंधनकारक होते. निविदा, तक्रारी, परवाने यांत महिने जातात. शिवाय चालू हिवाळ्यात मुख्य वाहिनी उखडता येत नाही. कामासाठी वसंतापासून शरदापर्यंतचे सहासात महिनेच हाती लागतात. त्यातही गरम पाण्याचा पुरवठा बंद ठेवावा लागतो आणि रस्ते खणावे लागतात. परिणामी कामाचा काही भाग पुढील कार्यक्रमात ढकलावा लागला.

कर्ज, रोखे की खासगी भागीदार?

बुखारेस्टला बाजारातून पैसा उभारणे अपरिचित नाही. शहराने २००५ मध्ये ५० कोटी युरोंचे दहा वर्षे मुदतीचे कर्जरोखे आंतरराष्ट्रीय बाजारात विकले होते. २०१५ मध्ये त्यांची मुदत संपली, तेव्हा देशांतर्गत बाजारात लेई चलनातील रोखे विकून त्यांची परतफेड करण्यात आली. म्हणजे महापालिकेची पत आहे, उष्णता कंपनीची नाही. मग महापालिकेनेच वाहिन्यांसाठी रोखे का काढू नयेत? तसे करता येते. पण त्या कर्जाची परतफेड उष्णतेच्या दरातून झाली नाही, तर ती करातून करावी लागते. आधीच अनुदानाने वाकलेल्या अर्थसंकल्पावर व्याजाचा आणखी एक बोजा चढतो. कर्जाच्या मर्यादाही कायद्याने बांधलेल्या आहेत.

दुसरा मार्ग खासगी भागीदाराचा. लिथुआनियाची राजधानी विल्निअस हिने २००२ मध्ये आपले जाळे पंधरा वर्षांसाठी ‘डाल्किया’ या फ्रेंच कंपनीकडे सोपविले. २०१७ मध्ये करार संपताना दोन्ही बाजूंमध्ये कडवट कायदेशीर वाद झाले. याउलट, बर्लिन राज्याने २०२४ मध्ये आपल्या शहराचे जाळे ‘वॅटनफॉल’ या स्वीडिश कंपनीकडून सुमारे १४० कोटी युरोंना परत विकत घेतले. खासगी मालक भांडवल आणतो, हे खरे. पण तो ते परताव्यासह वसूलही करतो. जेथे दर खर्चापेक्षा कमी आहे, तेथे खासगी गुंतवणूकदार एक तर फिरकत नाही किंवा दरवाढीची आणि सरकारी हमीची अट घालतो. मालकी कोणाचीही असो, अंतिम पैसा ग्राहकाच्या देयकातून किंवा करदात्याच्या खिशातूनच येतो. तिसरा खिसा अस्तित्वात नाही.

वॉर्साने काय केले?

बुखारेस्टच्या शेजारात ठेवून पाहावे असे उदाहरण पोलंडचे आहे. वॉर्साचे जाळेही साम्यवादी काळातील, अवाढव्य आणि गळके होते. त्याची लांबी आज १८०० किलोमीटरहून अधिक आहे आणि शहराची सुमारे ८० टक्के उष्णतेची गरज ते भागविते. १९९१ मध्ये जागतिक बँकेने वॉर्सा, क्राकुफ, ग्दान्स्क, ग्दिनिया आदी शहरांतील उष्णतापुरवठ्याच्या पुनर्रचनेसाठी एकूण सुमारे ३४ कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले. कर्जाबरोबर अटी होत्या. इमारतींना मीटर बसवायचे, कंपन्यांनी स्वतंत्र जमाखर्च ठेवायचा आणि घरगुती दरावरील अनुदान टप्प्याटप्प्याने संपवायचे.

पोलंडने हा शेवटचा, राजकीयदृष्ट्या सर्वांत अवघड भाग पार पाडला. जागतिक बँकेच्या मूल्यमापनानुसार, १९९१ मध्ये घरगुती उष्णतेच्या खर्चातील दोन तृतीयांश वाटा अनुदानाचा होता. १९९४ मध्ये तो पाच टक्क्यांच्या खाली आला आणि १९९७ च्या अखेरीस शून्यावर पोहोचला. असे असूनही १९९१-९२ ते १९९९ या काळात घर तापविण्याचा प्रति चौरस मीटर खर्च निम्म्याहून अधिक घटला. कारण नव्या वाहिन्यांनी गळती कमी केली, स्वयंचलित उपकेंद्रांनी गरजेपुरतीच उष्णता सोडली आणि मीटरमुळे लोक खिडकी उघडून उष्णता घालविण्याऐवजी रेडिएटरची चावी फिरवू लागले.

दर वाढला, पण देयक कमी झाले. वरवर विरोधाभासी वाटणारी ही गोष्ट या विषयाचे मर्म आहे. घरमालकाला प्रत्येक गिगाकॅलरीचा भाव किती, याच्याशी कर्तव्य नसते. महिन्याअखेरीस किती पैसे द्यावे लागतात, याच्याशी असते. गिगाकॅलऱ्या कमी लागल्या, तर चढा भावही सोसवतो. खर्चाएवढा दर मिळू लागल्याने वॉर्साच्या कंपनीला पत आली. २०११ मध्ये शहराने तिचे ८५ टक्के भागभांडवल डाल्कियाला १.४४ अब्ज झ्लॉटींना विकले. ती कंपनी आज ‘व्हिओलिया’ या नावाने ओळखली जाते. या विक्रीवर पोलंडमध्ये टीकाही झाली. पण विकत घेण्याजोगे काही उरले होते, हे महत्त्वाचे. वॉर्साचेही सर्व प्रश्न सुटलेले नाहीत. तेथील उष्णतेचा मोठा भाग अजून कोळशातून येतो आणि युरोपातील कार्बन परवान्यांच्या वाढत्या किमतीने तो महाग होत चालला आहे.

दोन्ही शहरांतील फरक श्रीमंतीचा नव्हता. १९९१ मध्ये वॉर्साही गरीबच होते. फरक होता तो क्रमाचा. वॉर्साने मीटर, दर आणि वाहिन्या ही तिन्ही कामे एकत्र हाती घेतली. बुखारेस्टने दर गोठविला आणि वाहिन्यांसाठी कोणाच्या तरी मदतीची वाट पाहिली.

गरिबांचे काय?

दर खर्चाएवढा करा, असे सांगणे सोपे आहे. निवृत्तिवेतनावर एकट्याने राहणाऱ्या वृद्धेला ते कसे परवडेल, हा खरा प्रश्न आहे. शिवाय बुखारेस्टच्या जुन्या इमारतींत वाहिन्या उभ्या आहेत. एकच नळ वरच्या मजल्यापासून खालपर्यंत सर्वांच्या खोल्यांतून जातो. एका सदनिकेचा पुरवठा वेगळा बंद करणे किंवा मोजणे कठीण असते. इमारतीचा वापर प्रवेशद्वाराशी मोजला जातो आणि रेडिएटरवर बसविलेल्या नोंदयंत्रांच्या आधारे रहिवाशांत वाटला जातो. भिंतींना उष्णतारोधक आवरण नसेल, तर काटकसर करूनही देयक फारसे खाली येत नाही.

त्यामुळे वाहिन्यांइतकाच इमारतींवरचा खर्चही महत्त्वाचा ठरतो. भिंती, छत आणि खिडक्या नीट केल्यास गरज घटते आणि जाळ्यावरचा ताणही कमी होतो. दुसरीकडे, मदत दराला न देता माणसाला द्यावी, हा उपाय आहे. रुमानियाने २०२१ च्या कायद्याने उत्पन्नाच्या पातळीनुसार हिवाळ्यातील तापनखर्चासाठी थेट साहाय्याची तरतूद केली आहे. हे साहाय्य पुरेसे आणि वेळेवर मिळाले, तर सर्वांसाठीचे सरसकट अनुदान हळूहळू कमी करण्यास वाव राहतो. वाचलेली रक्कम वाहिन्यांकडे वळविता येते. आज जो पैसा दर हिवाळ्यात जळून जातो, तोच जमिनीत तीस वर्षांसाठी गुंतविता येतो.

या मार्गात २०२१ आणि २०२२ च्या वायूसंकटाने मोठा अडथळा आणला. युरोपभर वायूचे भाव कडाडले, युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणानंतर ते आणखी भडकले आणि रुमानियाच्या सरकारला दरांवर मर्यादा घालाव्या लागल्या. देशात स्वतःचा वायू असल्याने टंचाई टळली, पण संपूर्ण शहराची ऊब एकाच इंधनावर ठेवण्याचा धोका उघड झाला. नव्या वाहिन्या घालताना त्यांतून उद्या कोणती उष्णता वाहणार, याचाही विचार करावा लागेल. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कार्यक्षमतेचे निकष आणखी कडक केले आहेत. केवळ वायूवर विसंबलेल्या व्यवस्थेला पुढील काळात अनुदान मिळणे उत्तरोत्तर अवघड होईल. कमी तापमानाच्या पाण्यावर चालणारे जाळे, उष्णतापंप आणि सांडपाण्यातील उष्णता यांचा वापर युरोपातील अन्य शहरे करू लागली आहेत. गळकी वाहिनी मात्र कोणत्याही स्रोताला पुरून उरते. म्हणून पहिला क्रम तिचाच लागतो.

रुमानियातील नियमानुसार, सायंकाळी सहा ते सकाळी सहा या वेळेत बाहेरचे तापमान सलग तीन दिवस दहा अंश किंवा त्याखाली राहिले, की घरे तापविण्याचा हंगाम सुरू होतो. निसर्ग ही अट दर शरदात पूर्ण करतो. त्याआधी किती किलोमीटर वाहिनी बदलून झाली आणि महापालिकेने कंपनीचे किती देणे चुकते केले, या दोन आकड्यांवर त्या हिवाळ्याचे भवितव्य ठरते. पहिला आकडा युरोपीय मदतीने हळूहळू वाढतो आहे. दुसऱ्या आकड्यासाठी ब्रसेल्सकडे कोणताही निधी नाही. तो बुखारेस्टच्या नगरपरिषदेलाच, आपल्या मतदारांना विश्वासात घेऊन, जमवावा लागणार आहे.